पाठीतलं पाणी

"समदं समजलं डॉक्टरीनबाई, पन थे भोक बुजवते कोन?"

तेजरामनं डोळे न उघडताच विचारलं. पाच दिवसांच्या तापानं त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते, उजेड सहन होत नव्हता. पण प्रश्न चोख होता. डॉक्टर विजया देशकर हातातली लांब सुई पुन्हा कापडात गुंडाळत होत्या, त्या मध्येच थांबल्या.

"कुठलं भोक?"

"सुईचं. आमी भट्टीले भोक पाडतो, लोखंड काढतो, अन् काढून झालं का लगेच मातीची गन, म्हंजे माती ठासाचं यंत्र, लावून बुजवतो. थेच माही ड्यूटी हाये. बुजवलं नाई तं समदी भट्टी रिकामी व्हाची. तुमी भोक पाडून पानी काढसान, अन् मंग?"

खाटेच्या पायथ्याशी त्याची वहिनी तुळसाबाई उभी होती. तिला हसूही आलं आणि रडूही. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा आठ वर्षांचा होता. तेव्हाही हा असाच होता. विहिरीत बादली सोडायच्या आधी दोराची गाठ तीनदा ओढून बघायचा.

भिलाईच्या कारखान्याचं इस्पितळ तेव्हा लांबलचक बराकीत होतं. वर सिमेंटचे पत्रे, खाली फिनेलनं पुसलेली फरशी. १९६१ चा मार्च होता आणि पत्रे सकाळी दहालाच तापायला लागले होते. विजयाबाई नागपूरहून डॉक्टर होऊन येऊन वर्षही झालं नव्हतं. वयानं त्या तेजरामपेक्षाही लहान. घाईत असल्या तरी प्रश्न टाळत नसत. त्यांनी स्टूल ओढलं.

"तुमची भट्टी उभी असते की आडवी?"

"उभी. दहा-पंधरा मानसं एकावर एक उभे केल्यावानी."

"म्हणून वरचा सगळा भार खालच्या भोकावर येतो. तुम्हाला मी उद्या सकाळपर्यंत सपाट झोपवणार. उशीसुद्धा नाही. डोकं आणि भोक एका पातळीत आले, की भार कुठून येणार? भोक सुईच्या टोकाएवढं. चार दिवसांत आपोआप मिटतं. आणि मी काढणार ते पाणी चहाच्या चमच्याएवढं. त्याच्या शंभरपट पाणी तुमचं शरीर रोज नवीन तयार करतं."

तेजरामनं चादरीवर तळहात आडवा ठेवून बघितला. मग म्हणाला, "म्हंजे भट्टीच आडवी करून ठेवाची."

"अगदी बरोबर."

"हे पह्यले सांगाचं ना बाई. कारखान्यातल्या रशियन सायबाइले बी सांगा लागते हे."

शेजारच्या खाटेवरचा बाबुलाल, ज्याच्या पायावर गर्डर पडला होता, तो खो खो हसला. डॉक्टरही हसल्या. हसली नाही ती फक्त मथुरा, तेजरामची बायको. ती व्हरांड्याच्या दारात पाठमोरी उभी होती आणि तिनं पदर इतका घट्ट ओढला होता की पाठीवर सुरकुती नव्हती.

सकाळी डॉक्टरांनी तेजरामच्या डोक्याखाली हात घालून मान वर उचलून बघितली होती. हनुवटी छातीला टेकायला हवी. ती चार बोटं अलीकडेच थांबली आणि डोक्यासकट खांदेच वर आले, फळी उचलावी तसे. तेव्हा त्या गंभीर झाल्या होत्या. ताप, डोकेदुखी, उलट्या आणि ताठ मान. मेंदूवरच्या पडद्याला सूज असू शकते, म्हणाल्या, नसूही शकते. खात्री एकाच गोष्टीनं होईल. मेंदूभोवती जे पाणी असतं तेच पाठीच्या कण्यातून खाली येतं. ते थोडंसं काढून बघायचं.

पाठीतलं पाणी काढायचं, हे तुळसाबाईनं डॉक्टरांना दोनदा सांगायला लावलं होतं.

आयाबाई गिरजाबाई कागद आणि शाईची गादी घेऊन आली. "पेशंट तापात हाये, घरच्याचा अंगठा लागते," ती म्हणाली. "बायको कोन हाये? या वं, इकडं या."

मथुरा वळली. "मी नाई देत."

"अवो, साधी सुई असते. मुंगी चावल्यावानी."

"मुंगी?" मथुराचा आवाज चढला. "याहीच्या मोठ्या भावाले बी मुंगीच चावली होती. पाठीतून पानी काढलं अन् दुसऱ्या दिवशी तिरडी बांधली. इचारा या बाईले. हिनंच देल्ला होता अंगठा."

वॉर्डात सगळीकडून माना वळल्या. तुळसाबाईनं खाली बघितलं. हे वाक्य तिला पाठ होतं. तेरा वर्षांपूर्वी, तिचा नवरा देवाजी गेला त्या दिवशी, सासूनं ते पहिल्यांदा म्हटलं होतं: तुळशीनं अंगठा देल्ला अन् माह्या पोराची पाठ फोडली. नंतर सासूनं ते धान कांडताना म्हटलं, पोळ्याला म्हटलं, पाहुण्यांपुढे म्हटलं. तेजरामचं लग्न झालं तेव्हा देवाजीला जाऊन पाच वर्षं झाली होती. मथुरानं आपल्या भासऱ्याला, नवऱ्याच्या थोरल्या भावाला, डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. पण सासू गेली आणि ते वाक्य घरातल्या पाट्या-वरवंट्यासारखं तिच्याकडे आलं. रोज वापरत नसे. भांडण हाताबाहेर गेलं की काढी.

वाईट स्वभावाची नव्हती मथुरा. भिलाईला काम मिळालं तेव्हा तिनंच नवऱ्याला सांगितलं होतं, मोठ्या बाईले गावात एकटं ठेवाचं नाई. कारखान्याचा पाया खणत होते तेव्हा दोघी जावांनी एकाच घमेल्याची चुंबळ आळीपाळीनं डोक्यावर ठेवून माती वाहिली होती. तरी ते वाक्य मध्ये होतंच.

"मी याहीले गावाले नेतो," मथुरा म्हणाली. "नाई तं दुर्गच्या वैदाकडं. पन सुई नाई."

डॉक्टर काही बोलणार तोच तुळसाबाईनं विचारलं, "बाई, सुई नाई लावली तं काय होईल?"

विजयाबाईंनी कापडात गुंडाळलेली सुई बाजूला ठेवली. "तर मला कळणार नाही याला काय झालंय. मग औषध अंदाजानं देईन. अंदाज बरोबर निघाला तर ठीक. चुकला तर तीन-चार दिवस जातील, आणि सूज असेल तर तीन-चार दिवस फार होतात."

तीन-चार दिवस. देवाजीचा ताप चढला तेव्हा सासूनं चार दिवस अंगारा लावला होता. पाचव्या दिवशी बैलगाडीत घालून इस्पितळात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं मान उचलून बघितली होती, अशीच, आणि म्हटलं होतं, आधी का नाही आणलं? हे तुळसाबाईनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सासूवर आळ घेतल्यासारखं झालं असतं. आणि खरं म्हणजे तिची स्वतःचीही खात्री नव्हती. माणूस गाडीत बोलत होता, पाणी मागत होता. सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी गेला. डोळ्यांनी बघितलेलं ते एवढंच होतं.

आता हाही गेला तर? तर गाव म्हणेल, दोन भाऊ खाल्ले. तुळसाबाईला त्याची भीती वाटलीच. नाही कशी वाटेल? मग तिनं तेजरामकडे बघितलं. तो डोळे मिटून पडला होता, आणि त्याची मान उशीवर लाकडासारखी ताठ होती.

तिनं डाव्या हाताचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला.

"तुम्ही कोण यांच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"वैनी. पन आईच समजा."

"बाई!" मथुरा धावत पुढे आली. "काई झालं तं मी तुमालेच इचारीन."

"इचार," तुळसाबाई म्हणाली. अंगठा कागदावर टेकवून तिनं तो डावीकडून उजवीकडे सावकाश वळवला. "एक नाव माह्यावर हायेच. दुसरं बी माह्यावरच राहू दे."

 मथुरानं तोंडात पदराचा बोळा धरला आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. मात्र या वेळी आत तोंड करून.

लाकडी पडदा लावला. गिरजाबाईनं तेजरामला आधी लघवीला भांडं दिलं, मग खाटेच्या अगदी काठावर डाव्या कुशीवर वळवलं. डॉक्टर हात धूत होत्या. धुता धुता बोलत होत्या.

"तेजराम, पुढचं सगळं आधीच सांगते, म्हणजे दचकू नका. गुडघे पोटाशी घ्यायचे, हनुवटी खाली. पाठ कमानीसारखी झाली की दोन मण्यांमधली जागा उघडते. आधी आयोडीन लावीन, ते गार लागेल. मग बधिर करायची लहान सुई. ती दुखेल. गिरजाबाई मुंगी म्हणतात, मी गांधीलमाशी म्हणते. पण एकदाच. नंतर मोठी सुई, तेव्हा दुखणार नाही, कुणी अंगठ्यानं रेटल्यासारखं वाटेल. पायात वीज चमकली तर तोंडानं सांगा. पाय मात्र हलवायचा नाही."

"पायात वीज कावून?"

"जिथं सुई जाते तिथं पाठीची मुख्य दोरी नसते, ती वरच संपते. खाली नुसते धागे असतात, पाण्यात सोडल्यासारखे. सुई आली की बाजूला सरकतात. एखाद्याला धक्का लागला तर वीज. त्यानं पाय जात नाही."

हे शेवटचं वाक्य त्या दाराकडे बघून म्हणाल्या.

गिरजाबाईनं एक हात मानेमागे, एक गुडघ्यांमागे घालून तेजरामला वळकटीसारखं आवळलं. पण भट्टीवरचा माणूस, पिळदार. ताठ मानेमुळे वाकताना कळ येई आणि तो आपोआप सरळ होई. दोनदा तसंच झालं. आयोडीन लावलं, तो पुन्हा ताठला.

"यांना कुणीतरी समोरून बोलतं ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही या. सुईकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा."

तुळसाबाई त्याच्या तोंडासमोर उकिडवी बसली. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तळहात भाजून भाजून चामड्यासारखे झालेले.

"काय गा तेजू," ती म्हणाली. "गन लावल्यावर काय करत असता?"

"दाबून ठेवतो."

"किती येळ?"

"माती शिजेपर्यंत. पंधरा मिन्टं... कवा ईस... आई गं!"

"झाली, गांधीलमाशी झाली," पाठीमागून डॉक्टरांचा आवाज आला.

"अन् गन लवकर काढली तं?"

"तं माती कच्ची ऱ्हायते... अन् फुटते. फोरमन हात वर करते तवाच काढतो. त्याच्या आंधी बाप आला तरी नाई."

"मंग आता बी तसंच. बाई सांगतीन तवर हालाचं नाई."

"वैनी, रेटून राहिले कोनी."

"रेटू दे."

वॉर्डात कुणी खोकत नव्हतं. तुळसाबाई सुईकडे बघत नव्हती, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चेहरा काही ऐकत असावा तसा दिसत होता. भुवया किंचित जवळ आल्या, तशाच राहिल्या. मग एकदम सुटल्या. डॉक्टरांनी सुईच्या आतली तार अलगद ओढून काढली आणि काचेची बारीक नळी खाली धरली.

टप्. मग थोड्या वेळानं पुन्हा टप्.

तुळसाबाईला थेंब दिसत नव्हते, पण ती मनात मोजत होती. बाराव्या थेंबाला तेजराम पुटपुटला, "निंघालं का?" तिनं मान हलवली. तिसाव्या थेंबाला डॉक्टरांनी सुई काढली, कापसाचा बोळा दाबला, वर पट्टी चिकटवली. तिघींनी मिळून तेजरामला पाटासारखं सपाट केलं.

मग विजयाबाई नळी घेऊन खिडकीशी गेल्या. गिरजाबाईनं औषधाच्या बाटलीला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा फाडून दिला. डॉक्टरांनी तो नळीच्या मागे धरला आणि नळीतून अक्षरं वाचू लागल्या.

तुळसाबाई उठली. तिनं आयुष्यात एक अक्षर वाचलं नव्हतं. ती डॉक्टरांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली आणि तिनं बघितलं. काचेपलीकडची काळी अक्षरं जशीच्या तशी दिसत होती. नळीत काही आहे की नाही असं वाटावं, इतकं नितळ पाणी.

"छान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकातून बघावं लागेलच, पण छान आहे."

"त्याइचं असं नोतं," तुळसाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाचं?"

"माह्या मालकाचं. काचेत घेतलं तवा मी पाह्यलं होतं. भाताच्या पेजेवानी होतं."

विजयाबाई वळल्या. "गढूळ? पांढरट?"

"हो. मले वाटलं, पाठीत असंच ऱ्हायत असन. मानसाचं."

"नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाचं असं असतं, हे असं. ते पेजेसारखं होतं म्हणजे पडद्याला पू झाला होता. काही दिवस आधीपासून. सुई टोचल्याबरोबर पू होत नसतो, वहिनी. सुईच्या आधीच तो आतमध्ये होता. सुईनं फक्त दाखवला."

तुळसाबाईनं खिडकीचा गज धरला.

"म्हंजे सुईनं नाई गेला थो?"

"नाही. आजारानं गेले. त्या काळी औषधंही सगळीकडे पोचली नव्हती."

"अन् माह्या अंगठ्यानं?"

"अंगठ्यानं कसं जाईल कुणी?" डॉक्टरांना तो प्रश्नच कळेना.

मथुराला कळलं. ती पडद्याच्या कडेला येऊन उभी राहिली होती. तुळसाबाई काही म्हणेल म्हणून ती थांबली. तुळसाबाई नळीकडेच बघत राहिली. तेव्हा मथुरानं खाटेखालचा तांब्या उचलला आणि भरलेला असूनही पाणी आणायला निघून गेली. बराच वेळ आली नाही.

एक वाजता डॉक्टर प्रयोगशाळेतून परत आल्या ते मान डोलावतच. पेशी मोजल्या, नेहमीएवढ्याच आहेत, जंतू नाहीत. कधी कधी साध्या तापातही मान अशी आखडते, चार दिवसांत उतरेल. भरपूर पाणी प्यायचं, उद्या सकाळपर्यंत उठायचं नाही, उठलात तर डोकं असं दुखेल की आजचं दुखणं बरं होतं म्हणाल.

"कोन उठते?" तेजराम छताकडे बघत म्हणाला. "माती शिजून राहिली अजून."

मथुरानं बशीत पाणी ओतून त्याच्या ओठांना लावलं. आडव्या माणसाला पाजणं जमत नव्हतं. अर्धं गळ्यावरून उशी नसलेल्या गादीवर गेलं. "तोंड उघडा ना नीट," ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला हुंदका आला. बाबुलालनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी सहाला भेटीची वेळ संपली. पोरं शेजारच्या भागाबाईकडे होती. दोघी जावा पायीच क्वार्टरकडे निघाल्या. सेक्टरचे रस्ते नवे होते, सरळ आखलेले, आणि कडेची झाडं अजून गुडघ्याएवढी.  मथुरानं रिकामा डबा आपल्या हातात घेतला होता. एरवी तो तुळसाबाईकडे असे.

तुळसाबाईला अंग हलकं लागत होतं, उपासाच्या दिवशी लागतं तसं. तेरा वर्षं देवाजी आठवला की आधी ती काचेची नळी आठवायची. मग शाईची गादी, मग सासूचा आवाज. त्यांच्या पलीकडे कधी जाताच आलं नव्हतं. आज ती सवयीनं त्या नळीपाशी आली, आणि नळी नुसती नळी निघाली. तिच्या पलीकडे बांधावर देवाजी उभा होता, धोतर खोचून, कानाला विडी लावून. तुळसाबाईला फस्सकन हसू आलं.

मथुरा थबकली. "काय झालं, बाई?"

"काई नाई. तुह्या भासऱ्याची आठोन आली."

दोघी चालत राहिल्या. कोपऱ्यावरचा नळ आला, मागे पडला. मग मथुरा खाली बघत म्हणाली, "कसे होते थे?"

हे तुळसाबाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कसा गेला, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

"कसे होते म्हंजे..." तुळसाबाई थांबली. "लय चिडवत जाय मले. बांधावर वाळूक लागलं का तोडून आनत जाय. चाकू नाई, काई नाई. गुडघ्यावर मोडे. दोन तुकडे हमेशा लहान-मोठे होत. अन् मोठा तुकडा कोनाले दे, सांग बरं?"

"तुमाले."

"बैलाले! म्हने, तू काय नांगर ओढून राहिली का?"

मथुरा हसली, पदर तोंडाशी नेऊन, आणि मग पदर बाजूला करून. "गुडघ्यावर? वाळूक? कसं मोडते?"

"अवं, असं."

रस्त्याच्या मधोमध तुळसाबाईनं लुगडं सावरलं, गुडघा उचलला, हातात नसलेलं वाळूक दोन्ही टोकांना धरलं आणि कडकन मोडलं. मग तिनं दोन्ही हात मथुरापुढे केले.

"हा बैलाचा," उजवा हात हलवत ती म्हणाली. "अन् हा माहा."